भाता नसलेली पेटी

पुण्याच्या माझ्या मावसबहिणीने (हे ती वाचणार आहे, म्हणून नाव घेत नाही) दोन हिवाळ्यांपूर्वी मला एक लिंक पाठवली. आठ तासांचा व्हिडिओ. निळसर आकाश, त्यात चंद्र, खाली एक पियानो, मागून पावसाचा आवाज, आणि शीर्षकात गाढ झोप, मनःशांती आणि शोपँ हे तिघं एका ओळीत. खाली ताईचा निरोप, "काकांना लावून दे. आमच्याकडे सगळे ह्यावरच झोपतात."

बाबांना तेव्हा झोप नव्हती. हृदय थकलं होतं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून पाठीशी तीन उशा घेऊन पलंगावर बसूनच रात्र काढायचे. पाय सुजायचे, गोळी वाढवली की उतरायचे, पुन्हा सुजायचे. रात्रीची पाळी माझी असायची. जानेवारीतली अहेरीची रात्र ज्यांनी काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. साडेनऊला रस्ता निजतो. मग आलापल्लीकडून येणारी एखादी गाडी, कुत्री, पिंगळा, आणि शेजारच्या अक्कांच्या घरातला खोकला. एवढंच. अशा रात्री फोनचा आवाज बारीक करून मी ताईचा व्हिडिओ लावला.

पाच मिनिटांत बाबा म्हणाले, "तो पानी बंद कर आधी."

पाणी वेगळं बंद करायची सोय त्यात नव्हती. मग मी शोधाशोध करून नुसता पियानो असलेलं एक ध्वनिमुद्रण काढलं. आर्थर रुबिनस्टाइनचं. शोपँचं सगळ्यात गाजलेलं नॉक्टर्न, ओपस ९ मधलं दुसरं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. उजव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती, हे मी पाहिलं. संपल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तं पेटीच हाय रे. पन इले भाता नाई."

ह्या एका वाक्यावर मी गेली दोन वर्षं विचार करतो आहे. आज लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाबा शिक्षक होते. मूळचे आरमोरीकडचे, नोकरीने अहेरीला आले आणि इथलेच झाले. वर्गात शुद्ध बोलायचे, घरात झाडीबोली. पेटी वाजवायचे. शास्त्रीय वगैरे शिकलेले नव्हते, भजनी मंडळाचे पेटीवाले. पण तरुणपणी दोन-तीन मोसम झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गनवर बसलेले, आणि त्याचा अभिमान त्यांना मुख्याध्यापक झाल्यापेक्षा जास्त होता. शेवटच्या वर्षी पेटी कपाटावरच राहिली. बोटं चालत होती, भाता मारला की दम लागत होता. त्यामुळे "भाता नाही" हे ते काही उगाच म्हणाले नव्हते. त्यांना पहिल्यांदा ऐकू आली ती तीच गोष्ट.

आता त्यांचं म्हणणं बरोबर होतं का ते पाहू. पेटीची पट्टी दाबली की भात्यातली हवा पितळी सुरावरून जाते, आणि हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की आत नमद्याची एक हातोडी तारेवर बसते आणि लगेच मागे येते. सूर जन्मला त्या क्षणापासून तो मरायला लागतो. वाजवणाऱ्याला पुढे त्याचं काहीही करता येत नाही. मोठा करता येत नाही, कंपवता येत नाही, मींड घेता येत नाही. गाणाऱ्याच्या दृष्टीने ह्याहून वाईट वाद्य शोधून सापडायचं नाही. आणि नॉक्टर्न म्हणजे काय, तर ह्याच वाद्यावर गायचा हट्ट.

नावाचा अर्थ रात्रीचं गाणं, निशागीत म्हणा. अठराव्या शतकात युरोपात संध्याकाळी मोकळ्यावर वाजवायच्या वाद्यमेळाच्या रचनांना असं नाव असे. एकट्या पियानोसाठी ते नाव वापरलं जॉन फील्ड ह्या आयरिश माणसाने. जन्म डब्लिनचा, १७८२ चा, आणि आयुष्य गेलं रशियात, सेंट पीटर्सबर्ग आणि मॉस्कोत. डाव्या हाताने लाटांसारखे मोडलेले स्वरमेळ, उजव्या हाताने एक लांब गाता सूर, आणि खालच्या पायदांडीने तारा मोकळ्या ठेवायच्या म्हणजे आधीचे सूर मागे घुमत राहतात. एवढीच कल्पना. शोपँने ती घेतली आणि तिचं काय करून ठेवलं ते जगाला माहीत आहे. एकूण २१ नॉक्टर्न त्याच्या नावावर आहेत, त्यातली १८ त्याच्या हयातीत छापली गेली. तो वयाच्या ३९ व्या वर्षी, १८४९ साली पॅरिसमध्ये गेला. आयुष्यभर खोकला आणि दम. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं.

आणि एक गंमत पाहा. हार्मोनियम हे वाद्यही त्याच पॅरिसचं, त्याच काळातलं. अलेक्सांद्र दबँने १८४० च्या सुमारास ते केलं, म्हणजे शोपँ त्याच गावात राहून नॉक्टर्न लिहीत होता तेव्हा. ती पायाने भाता मारायची पेटी होती. हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवायची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी केली ती १८७५ च्या आसपास. म्हणजे आमची भजनी मंडळाची पेटी आणि ताईच्या व्हिडिओतला पियानो ही तशी एकाच आळीतली पोरं. बाबांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, कानाने मात्र बरोबर ओळखलं.

पुढच्या काही रात्री आम्ही तेच करत होतो. रोज दोन-तीन नॉक्टर्न, जास्त नाही. बाबा ऐकायचे, मी त्यांच्याकडे पाहायचो. चौथ्या की पाचव्या रात्री ओपस २७ मधलं दुसरं लावलं होतं. त्यात डावा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ थांबतच नाही, सारखा खाली-वर, खाली-वर. बाबा मधेच म्हणाले, "आता समजलं. डाव्या हातानंच हवा भरते तो."

मी थक्क झालो. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, सगळी गंमत एकट्या उजव्या हाताची. शोपँने डाव्या हाताचाच भाता केला आहे! वरचा सूर मरत असतो, खालून डावा हात नवे सूर पुरवत राहतो, आणि आपल्या कानाला वाटतं की वरचा सूर अजून जिवंत आहे. फसवणूकच आहे ती एका अर्थी. शोपँ आपल्या शिष्यांना गाणारे ऐका, इटालियन गायक ऐका असं सांगायचा, आणि डाव्या हाताने लय सोडायची नाही, उजव्याने हवं तेवढं मागेपुढे व्हावं असंही. आपल्याकडे विलंबित ख्यालात तबल्याचा ठेका जागचा हलत नाही आणि गाणारा त्याच्या भोवती हवा तसा फिरून समेवर येतो, तेच हे. पुस्तकं वाचून मला जे नीट समजलं नव्हतं ते तीन उशांना टेकलेल्या माणसाने दोन वाक्यांत सांगितलं.

असो. मला खरं भांडायचं आहे ते त्या "गाढ झोप"शी.

ताई, रागावू नकोस. तू प्रेमाने पाठवलंस आणि तुझ्यामुळेच हे सगळं झालं. पण हे संगीत निजवायला केलेलं आहे ही समजूत मला अजिबात पटत नाही. आता फोनवर कुठेही पाहा, नॉक्टर्न म्हणजे अभ्यासाला, ध्यानाला, बाळाला, कुत्र्याला, सगळ्यांना झोपवायचं औषध झालं आहे. मागे पाऊस, नाहीतर लाकडं जळल्याचा आवाज. एका खाली एक सगळी सारख्याच आवाजात, कुठे दचकायला होऊ नये म्हणून मोठे भाग बारीक करून. शोपँने ओपस ३२ मधलं पहिलं नॉक्टर्न १८३७ साली छापलं. ते ऐकून बघा. सगळं कसं गोड, संथ चाललेलं असतं, दोनदा-तीनदा मधेच थबकतं, पुन्हा चालू. आणि अगदी शेवटी, आता संपलं म्हणून आपण हात-पाय सैल सोडतो तेव्हा, खालच्या खर्जात दारावर थाप पडावी तसा आवाज येतो. मग तुटक तुटक काही बोलल्यासारखं, आणि प्रकाशातलं सगळं गाणं काळोखात संपतं. हे ऐकून ज्याला झोप लागते त्याला माझा नमस्कार. बाबा तर उठून ताठ बसले होते. "कोन आला?" म्हणाले, आणि मग दोघंही हसलो.

आमच्याकडे रात्री दार वाजणं ह्याचा अर्थ काय असतो हे गडचिरोली जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. कुणाला साप चावला, कुणाच्या पोराला हिवताप चढला, नदीपलीकडून कुणी निरोप घेऊन आलं. काही वर्षं ह्याहून वाईट कारणांनीही दारं वाजली. अंधार पडला की प्रवास करायचा नाही हे आम्ही बाराखडीबरोबर शिकलो. रात्र म्हणजे आराम, रात्र म्हणजे मंद दिवे आणि सुगंधी मेणबत्त्या, असं समजत इथे कुणी मोठं झालेलं नाही. रात्र म्हणजे जागं राहणं. आणि मला वाटतं रात्रीचं संगीत हे जागं राहणाऱ्यांसाठीच असतं. झोपणाऱ्याला संगीत कशाला लागतं?

व्लादिस्लाव श्पिलमनची गोष्ट बहुतेकांना २००२ च्या सिनेमामुळे माहीत आहे. वॉर्सा रेडिओचा पियानोवादक. २३ सप्टेंबर १९३९ ला शहरावर बाँब पडत असताना तो रेडिओवर शोपँ वाजवत होता, आणि त्याच दिवशी रेडिओ बंद पडला. त्यात एक नॉक्टर्न होतं, शोपँने विशीत, १८३० साली बहिणीसाठी लिहिलेलं, आणि तो गेल्यावर १८७५ मध्ये छापलेलं. १९४५ ला रेडिओ पुन्हा सुरू झाला तेव्हा श्पिलमनने तेच वाजवलं. पण मला त्या दोन दिवसांपेक्षा मधली एक भेट जास्त मोठी वाटते. नोव्हेंबर १९४४. उद्ध्वस्त शहरात एका घराच्या माळ्यावर लपलेला, उपाशी श्पिलमन एका जर्मन अधिकाऱ्याला सापडला. विल्म होजेनफेल्ड त्याचं नाव. तू काय करतोस, असं त्याने विचारलं. पियानो वाजवतो. मग वाजव. तिथे एक बेसूर झालेला पियानो होता, बोटं अडीच वर्षं पट्ट्यांना लागलेली नव्हती. श्पिलमनने तेच नॉक्टर्न वाजवलं. (सिनेमात तिथे वेगळी, जास्त धडाक्याची रचना घातली आहे. पडद्यासाठी ठीक. पण मला ती बदली कधी पटली नाही.) होजेनफेल्डने त्याला पकडून दिलं नाही, उलट लपायला मदत केली, खायला आणून दिलं. श्पिलमन २००० सालापर्यंत जगला. होजेनफेल्ड १९५२ मध्ये रशियनांच्या कैदेत मेला.

तीन-चार मिनिटांचं गाणं. त्या आठ तासांच्या व्हिडिओत तेही आहे, पावसासकट.

आता "आपल्या" रात्रीच्या संगीताकडे येतो, कारण माझा एक जुना ब्लॉगमित्र लगेच म्हणणार आहे की बागेश्री, मालकंस, दरबारी असताना तुला हे पोलिश रडगाणं कशाला. मित्रा, तुझ्या दरबारीतल्या कोमल गंधाराला पियानो हातही लावू शकत नाही, हे मला मान्य आहे. तो आंदोलित गंधार दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहतो. पण मग तो पेटीवर तरी कुठे निघतो? ह्याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी घातली आणि ती थोडी सैल करायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं! आणि त्या तीस वर्षांत महाराष्ट्रात काय चाललं होतं, तर गोविंदराव टेंब्यांचा वारसा, पी. मधुकर, पुढे अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर. पु. ल. सुद्धा पेटीला सोडून राहू शकले नाहीत. ही सगळी माणसं गाऊ न शकणाऱ्या वाद्यावर गायचा हट्ट धरून बसली होती. पट्टीवरून पट्टीवर बोट असं सरकवायचं, मधला कण असा सोडायचा, की ऐकणाऱ्याने मींड स्वतःच मनात पुरी करावी. शोपँने वेगळं काय केलं? ज्यांनी बोरकरांची पेटी ऐकली आहे त्यांना नॉक्टर्न समजायला पॅरिसला जायला नको.

आणि रात्रीच्या रागांचं आपण काय करून ठेवलं आहे, तेही बघ की. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. पूर्वी रात्रभर चालायचा, पहाटे संपायचा. मालकंस मध्यरात्री कानावर यायचा, भैरव उजाडताना. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातून मोजके दिवस बारापर्यंत सवलत. नियम चुकीचा नाही. ज्यांच्या खिडकीसमोर रात्रभर कर्णे वाजले आहेत त्यांची बाजू मला कळते, आणि आजारी माणूस घरात असल्यावर तर फारच कळते. पण परिणाम असा की मध्यरात्रीनंतरचे राग आता मैफलीतून उठले. ते ऐकायचे तर घरी, एकट्याने, कानात बोंडं घालून. म्हणजे जिथे नॉक्टर्न जाऊन पोचलं तिथेच. फरक एवढाच की नॉक्टर्नने आपली रात्र नावात बांधून सोबत नेली आहे. ते दुपारी दोन वाजता वाजवलं तरी त्यात रात्र असते. दरबारीचं मला तसं वाटत नाही. दुपारी दोनचा दरबारी मला तरी उसन्या कपड्यातला वाटतो. (ह्यावर भांडण झालं तर मी तयार आहे.)

एकच जागा आहे जिथे रात्रभराचं संगीत अजून रात्रभर चालतं, आणि ती आमच्याकडे आहे. झाडीपट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. धान घरात आलं की मंडई, शंकरपट आणि रात्री नाटक. वडशाला कंपन्यांची कार्यालयं, दिवाळीनंतर तारखा लागतात त्या होळीपर्यंत. आमच्या अहेरीकडे तेलुगू, माडिया-गोंडीचा वारा जास्त, त्यामुळे खरा जोर वर वडसा-आरमोरी-ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडेच. पण बाबांमुळे आम्हाला ते दुरून दिसलं नाही. परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले, जणू घरच्याच माणसाला मिळाली.

नाटक सुरू होतं रात्री दहा-अकराला आणि संपतं पहाटे. ऑर्गनवाला तेवढा वेळ जागचा हलत नाही. बाबा सांगायचे, पहिले दोन तास कुणीही वाजवतं. खरा ऑर्गन रात्री अडीच-तीनला वाजतो. थंडीने बोटं वळत नाहीत, पुढे बसलेली बायामाणसं पोरांना मांडीवर घेऊन डुलत असतात, विनोदी पात्र आत गेलेलं असतं, आणि आता आई-मुलाच्या ताटातुटीचा प्रवेश असतो. तेव्हा मोठ्याने वाजवून कुणी जागं होत नाही. हळू वाजवावं लागतं. बारीक एक सूर धरून ठेवायचा आणि लोक एक एक करून मान वर करतात. "मोठ्यानं झोप येते, हडूनं जाग येते," हे त्यांचं वाक्य. मी लहानपणी हसायचो त्यावर.

शोपँ स्वतः फार हळू वाजवायचा असं त्याला ऐकणाऱ्या सगळ्यांनी लिहून ठेवलं आहे. मोठ्या सभागृहाची त्याला भीती वाटायची, उभ्या आयुष्यात जाहीर मैफली केल्या त्या जेमतेम तीसेक. बाकी सगळं दिवाणखान्यात, मेणबत्तीच्या उजेडात, ओळखीच्या माणसांपुढे.

आणि म्हणून वादकांमध्येही मी हळू वाजवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. इथे हळू म्हणजे संथ नव्हे. रेंगाळणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक सुरावर मान मागे टाकायची, डोळे मिटायचे, दोन सुरांत एवढं अंतर ठेवायचं की मधे चहा होऊन यावा. रुबिनस्टाइनमध्ये हे काही नाही. त्याने नॉक्टर्न तीनदा ध्वनिमुद्रित केली. शेवटची १९६५ आणि १९६७ मधली, वय पंच्याहत्तरीच्या पुढे. ती ऐकताना वाटतं, म्हातारा माणूस ओट्यावर बसून गोष्ट सांगतो आहे, आपण रडावं म्हणून तो काहीच करत नाही. क्लॉडिओ अराऊनेही त्याच वयात, १९७७-७८ मध्ये केली, पण ती जड आहेत. प्रत्येक सुराला वजन, प्रत्येक वाक्याला इतिहास. दिवसा ऐकायला मला अराऊ आवडतो. रात्री तीन वाजता, कुणाच्या श्वासाकडे लक्ष ठेवून बसलेलं असताना, नाही सहन होत.

बाबांना सगळ्यात आवडली ती मारिया जुआओ पिरेस. पोर्तुगालची बाई, १९४४ चा जन्म, नॉक्टर्नची तिची ध्वनिमुद्रणं १९९५-९६ ची. मला त्यांनी का आवडते ते नीट सांगितलं नाही. "ही बाई घरी वाजवून रायली," एवढंच. मी नंतर वाचलं की ह्या बाईने १९९९ मध्ये पोर्तुगालच्या खेड्यात, बेल्गाइश नावाच्या ठिकाणी, शेतावर कलाकेंद्र काढलं, जिथे पियानो शिकायला येणारे आणि गावातली पोरं एकत्र असावीत असा तिचा विचार होता. हे वाचलं तेव्हा बाबा नव्हते, नाहीतर सांगितलं असतं.

ओपस ४८ मधलं पहिलं, सी मायनरमधलं नॉक्टर्न, १८४१ चं, आम्ही पिरेसचंच ऐकलं. ते सुरू होतं मिरवणुकीच्या पावलांसारखं. मधे एक शांत, देवळातल्यासारखा भाग येतो, त्यात हळूहळू खालून सप्तकांचा गडगडाट शिरतो, आणि मग पहिलंच गाणं परत येतं, पण दुप्पट घाईने, धापा टाकत. धापा टाकत हा शब्द मी आता वापरतो आहे. तेव्हा मला ते ऐकवायची भीती वाटली होती. मधेच बंद करायला मी फोनकडे हात नेला, तर बाबांनी मनगट धरलं. शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "असंच होते." आणि पाणी मागितलं.

ते फेब्रुवारीत गेले. सकाळी, बसल्या बसल्या.

नातेवाइकांमध्ये कुणीतरी म्हणालं होतं की शेवटच्या दिवसांत हरिपाठ लावायचा सोडून ह्याने बापाला इंग्रजी गाणी ऐकवली. हे माझ्यापर्यंत पोचलं आहे, म्हणून इथेच उत्तर देतो. हरिपाठ रोज संध्याकाळी होतच होता, आई म्हणायची, बाबा उशांना टेकून टाळीने साथ द्यायचे. रात्री तीनचा प्रश्न वेगळा होता. रात्री तीन वाजता चाळीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाला, ज्याला आता भाता मारता येत नाही, त्याला मी भाता न लागणारी पेटी ऐकवली. ती इंग्रजीही नव्हती.

पेटी अजून कपाटावर आहे. जुनी आहे, सागवानाची, बाबा म्हणायचे की सागवान आलापल्लीचंच असणार, दुसरं कुठलं असायला हवं! गेल्या पावसाळ्यात खाली काढली तर मधल्या सप्तकातली एक पट्टी दमटपणाने खाली बसलेली, भाता मारला की तो सूर आपोआप वाजतच राहतो. चंद्रपूरला न्यायची आहे दुरुस्तीला, नेली नाही अजून. भाचा सुटीत आला होता, त्याने फोनवर ओपस ९ चं दुसरं लावून पेटीवर त्याची चाल शोधली. डाव्या हाताचं काम कोण करणार म्हणून मी भाता मारला. तो अडकलेला सूर सबंध वेळ मागे चालू होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली होती.

एक काम आहे, नातेवाइकांसाठी. बाबांचं वाजवणं आमच्याकडे कुठेच नाही. पण नव्वदच्या दशकात एका गणपतीत भजनी मंडळाची कॅसेट भरली होती, हे नक्की आठवतं. लाल झाकणाची, बहुतेक साठ मिनिटांची, वर आईच्या अक्षरात फक्त "भजन" लिहिलेलं. ती आरमोरीला कुणीतरी ऐकायला नेली आणि परत आली नाही. आत्या, तुझ्या त्या लोखंडी पेटीत एकदा बघशील का? खराब झालेली असली तरी चालेल, फीत तुटली असली तरी चालेल. फक्त पुसून त्यावर दुसरं काही भरलं असेल तर मला सांगू नका.